गोधडी

गोधडी : जुन्या कापडांचे थर एकमेकांवर घालून हाताने शिवलेले अंथरूण-पांघरूण. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. रजईत कापूस भरतात. गोधडीत भरणही कापडाचेच. वरच्या-खालच्या थरांना बहुधा सुती लुगडे घेतात. नऊवारी सुमारे 8 मीटर लांब असल्याने दुमडली की दोन्ही बाजूंना पुरते. आत धोतरे, विरलेले सदरे, ठिगळे. कापड जमिनीवर ताणून कडेपासून मध्याकडे, चौकटीत चौकट असा धावदोरा घालत जातात. हे टाकेच थर धरून ठेवतात आणि नक्षीही त्यांचीच उमटते.

बाळासाठी शिवलेली छोटी गोधडी म्हणजे दुपटे, आणि या कलेचे सर्वांत हळवे रूप तेच. आजीच्या लुगड्यातली खळ कित्येक धुण्यांत निघून गेलेली असते, त्यामुळे ते तान्ह्याच्या अंगाला बोचत नाही. नवे कापड, कितीही महाग असले तरी, हा मऊपणा देऊ शकत नाही. बाळंतविड्यात दुपट्यांबरोबर झबली, टोपरी आणि डोके, कान, पाठ एकत्र झाकणारी कुंची देतात. उरलेल्या तुकड्यांचे बटवे होतात.