वऱ्हाड, १९०० : बोर्डिंगातलं एक वर्ष

१३ एप्रिल १९००, शुक्रवार. अकोल्यात दुपार चढली आहे आणि तुम्ही दहा वर्षांचे आहात. निदान बोर्डिंगाच्या वहीत तुमचे दात आणि हातपाय पाहून तेवढंच वय लिहिलं आहे. मागच्या पावसाळ्यात पावसाने दगा दिला. तुमचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथे विहिरीला पाणी असलं तरी ते मचूळ. पाऊस गेला की पिण्याजोगं पाणीच गेलं. आधी बैल गेले, मग बाप खडी फोडायला सरकारी कामावर गेला, तो परतला नाही. माय रस्त्यात बसली ती उठलीच नाही. तुम्हाला आणि धाकट्या बहिणीला कुणीतरी मिशनच्या गाडीत घातलं.

अमेरिकेतून आलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची वऱ्हाडातली दोन मोठी अनाथघरं आहेत. मुलांचं अकोल्याला, मुलींचं खामगावला. म्हणून बहीण खामगावला गेली. वाटणी करणाऱ्यांना दुसरा उपाय नसेलही. पण तिचा हात सुटला तो क्षण तुमच्या पोटात भुकेपेक्षा खोल बसला आहे.

आज उत्तम शुक्रवार. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पोट्टे रांगेने बसलेत. तुमच्या शेजारचा झोपेत पुढे झुकतोय. तुम्ही त्याला कोपर मारता. पाळक वाचतात ती मराठी पुस्तकी आहे. तुमच्या घरात कुणी तशी बोलत नव्हतं, निम्मे शब्द डोक्यावरून जातात. मग त्या गोष्टीत खांबावर टांगलेला माणूस पाणी मागतो आणि लोक त्याला आंब देतात. इथे तुम्ही मान वर करता. एवढं तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

परवाच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण आहे. पहाटे उठवून गाणी म्हणायला लावतात. गाण्यांमुळे तुम्ही इथे टिकला, असं मला वाटतं. मडमसाहेब पेटीवर विलायती चाल धरतात तेव्हा मुलं नुसती ओठ हलवतात. टाळ आणि तबला बाहेर आला, कृष्णराव सांगळ्यांचं पद सुरू झालं, की सगळी खोली एकदम जागी होते. ही चाल ओळखीची आहे. गावात एकादशीला मारुतीच्या पारावर असंच व्हायचं. देव बदलला, ठेका तोच राहिला. पाच वर्षांपूर्वी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनीही हाच रस्ता धरला आहे. मराठी ख्रिस्ती माणसाने अभंगाच्या, कीर्तनाच्या वाटेने गावं, हा त्यांचा हट्ट. तो हट्ट नसता तर वऱ्हाडातल्या मुलाला ही उपासना कायम परक्याच्या घरची वाटली असती.

मे महिना नुसता तापतो. सकाळी प्रार्थना, मग काम, मग पाटी. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. ज्वारीची भाकर आणि पातळ वरण मिळतं. जेवणाआधी डोळे मिटायचे असतात. तुम्ही एक डोळा उघडा ठेवता, कारण भाकर नाहीशी होऊ शकते हे तुम्ही पाहिलेलं आहे.

इथे थांबून एक गोष्ट बोललीच पाहिजे. भाकर आणि प्रार्थना एकाच छपराखाली मिळत होती, आणि भुकेल्या लेकराला त्यातली एक नाकारता येत नव्हती. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आजही घेतला जातो, आणि तो खरा आहे. त्या छपराबाहेर मरण होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही सत्यं मला सारखीच जड वाटतात. एकाने दुसरं खोडून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी पटकी येते. अलायन्सच्या शिकवणीत येशू चार नावांनी येतो : तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि पुन्हा येणारा राजा. तिसऱ्या नावावर आता सगळा भार पडतो. आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावून मोठी माणसं गुडघ्यावर बसतात. काही मुलं उठून बसतात. काही नाही. उत्तम शुक्रवारी झोपेत झुकणारा तुमचा शेजारी नाही उठत. रात्रीच्या प्रार्थनेत तुम्ही मोठ्याने विचारता, "त्याले कावून नाही बरं केलं?" कुणी रागावत नाही. पाळक पुस्तक उघडतात आणि स्तोत्रांतलं एक असं काढतात ज्यात माणूस देवालाच जाब विचारतो. देवाशी असंही बोलता येतं, हे तुम्हाला त्या रात्री कळतं. वर्षभरातल्या शंभर उपदेशांपेक्षा मला ही एक रात्र मोठी वाटते.

मग पाऊस येतो, उशिरा, पण येतो. काळी माती फुगते. पोळा येतो तेव्हा तुम्ही कुंपणाशी जाऊन उभे राहता. रस्त्यावरून जाणारे बैल मोजकेच, बरगड्या दिसणारे, तरी कुणीतरी शिंगांना रंग लावलाय. बोर्डिंगात पोळा नाही. सणांच्या यादीत तो बसत नाही. पण ओल्या मातीचे दोन बैल तुम्ही खोलीच्या मागे करता, आणि सुतारकाम शिकवणारा माणूस ते पाहून काही न बोलता पुढे जातो.

दिवाळीपुढे कापूस फुटतो. वऱ्हाडच्या गाठी पुन्हा मुंबईच्या रेल्वेत चढू लागतात. २५ डिसेंबर, मंगळवार. नाताळ. पताका, गूळ, शेंगदाणे, नवा सदरा. गव्हाणीतल्या बाळाच्या गोष्टीत मेंढपाळांचं काम तुमच्याकडे येतं. पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी विसरून तुम्ही वऱ्हाडीत बोलता, "चाला गड्याहो, पाहून येऊ!" सगळे हसतात. तुम्हीही हसता, आणि आपण हसलो याचंच तुम्हाला नवल वाटतं.

त्या दिवशी खामगावची चिठ्ठी येते. अकोल्याहून शेगाव, जलंब, आणि तिथे गाडी बदलून खामगाव. रस्ता फारसा लांब नाही, तरी तुमच्या पायांनी जाण्याजोगा नाही. चिठ्ठी दुसऱ्या कुणी लिहिली आहे. खाली बहिणीने स्वतः एकच अक्षर काढलंय, वेडंवाकडं 'म'.

जानेवारीत राणी व्हिक्टोरिया वारल्याची बातमी येते. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा, प्रार्थना सांगणारे अमेरिकन. तुम्ही सगळ्यांसोबत डोळे मिटता. आता दोन्ही.

याच सुमाराला फुलरबाईंचं इंग्रजी पुस्तक मिशनऱ्यांच्या हातात दिसतं. मार्कस फुलर यांच्या या पत्नीने हिंदुस्थानातल्या बायकांच्या दुःखांवर ते लिहिलं, १९०० मध्ये छापलं गेलं, आणि प्रस्तावना आहे पंडिता रमाबाईंची. तुम्हाला त्यातलं काही वाचता येत नाही. मराठी मात्र येऊ लागली आहे. शब्बाथ शाळेत आता तुम्ही लहानांना ओळी वाचून दाखवता.

१ मार्च १९०१ ची रात्र. खानेसुमारी. दहा वर्षांपूर्वी वऱ्हाडात २८ लाख ९७ हजार माणसं होती. या वेळी २७ लाख ५४ हजार भरणार आहेत. कंदील घेऊन आलेला कारकून रकाने भरतो. नाव. वय. धर्म. तुम्ही थांबता. बाप्तिस्मा अजून झालेला नाही, पाळकांनी तुम्हालाच ठरवायला सांगितलंय. "येशूचा," तुम्ही म्हणता, आणि ते कुणी शिकवलेलं नाही. जन्म? दर्यापूर तालुका. भाषा? मराठी. लिहिता-वाचता? हो.

कारकून पुढच्या मुलाकडे वळतो.

"मायी बहीण राहिली लिवाची," तुम्ही म्हणता.

"कुठे आहे?"

"खामगावले."

"मग तिला तिथले लिहितील."

"नक्की लिवतीन नं?"

कारकून टाक दौतीत बुडवतो. "तिचं नाव सांग," तो म्हणतो, "मी विचारून ठेवतो."