भिंतीसाठी योजलेला पडदा

नवा स्मार्टफोन येणार म्हटले की त्याचा पडदा किती इंचांचा, द्रवस्फटिकांचा की ओएलईडीचा, यावर आधीच पैजा लागतात. पडद्याविषयीची भाकिते मात्र जुनीच आहेत. १९६८ साली अमेरिकेतील आरसीए कंपनीने द्रवस्फटिकांचा दर्शक जाहीर केला, तेव्हा जॉर्ज हाइलमायर यांच्या डोळ्यांपुढे भिंतीवर टांगायचा दूरचित्रवाणी संच होता.

तत्त्व बरोबर होते, अडले ते पदार्थापाशी. १८८८ साली राइनित्झर यांना प्रागमध्ये आढळलेला पदार्थ सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होई आणि १७९ अंशांच्या आसपास निवळे. असला पदार्थ मनगटावर कसा बांधणार? नेहमीच्या तापमानाला चालणारी मिश्रणे पुढे मिळाली, पण हवेतल्या ओलाव्याने ती बिघडत. १९७३ साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने टिकाऊ सायनोबायफेनिले प्रसिद्ध केली आणि घड्याळे, कॅल्क्युलेटर यांचा मार्ग मोकळा झाला. (अशा वेळी रसायनज्ञाचे नाव सहसा कोणाला आठवत नाही.) भिंतीची पाळी फार उशिरा आली.

२००७ च्या पहिल्या आयफोनचा ३.५ इंची पडदा द्रवस्फटिकांचाच होता. द्रवस्फटिक स्वतः उजळत नाही, त्याला मागून प्रकाश लागतो. २०१७ च्या आयफोन टेनमधील ५.८ इंची ओएलईडी पडद्यात मात्र कार्बनी रेणूच प्रकाशतात. तशी कार्यक्षम रचना कोडॅकमधील टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ सालीच प्रसिद्ध केली होती.