तळटीप : ‘पैठणचे नाथ’

* पैठणचे नाथ : संत एकनाथ. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका १५७३ मध्ये काशीत पुरी झाली. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी १५८४ मध्ये सिद्ध केली. पण इथे लेखकाच्या मनात आहेत ते संसारी नाथ, असे वाटते. गुरूंच्या सांगण्यावरूनच ते गृहस्थाश्रमात आले आणि गिरिजाबाईंसह त्यांनी तो आनंदाने निभावला. घरात पूजा, कीर्तन आणि पंगत, तिन्हींना सारखाच मान. श्राद्धाचे अन्न नाथांनी भुकेल्या अंत्यजांना वाढले, ही कथा परंपरा सांगते. ते वाढताना गिरिजाबाई सोबत होत्या, हे विसरू नये. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. बापाचे मराठीत पुराण सांगणे त्याला रुचले नाही, तो काशीला गेला. नाथांनी मात्र मराठी सोडली नाही आणि मुलालाही अंतर दिले नाही. त्यांचा प्रसन्न स्वभाव पाहायचा तर भारुडे वाचावीत, खरे तर ऐकावीत : विंचू, वासुदेव, गोंधळ, जोगवा, सगळे गाव तिथे नाचते. कवी मुक्तेश्वर हा त्यांच्या मुलीचा मुलगा. नाथांनी १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीला पैठणला आजही दिंड्या येतात. (संपा.)