कोळसा वाहायला काय जाळलं?

खाणीतून कोळसा किती निघाला, हे नोंदलेलं असतं. तो वाहायला काय जाळलं, याचा मी माग घेऊ लागलो. १९०६ साली बंद झालेल्या वरोऱ्याच्या सरकारी खाणीसाठी वर्ध्याहून रेल्वे आली. तिचं इंजिनही कोळशावरच धावे. पुढे उघड्या खाणींत डंपर आले आणि कोळसा डिझेलवर विसंबला.

२०२१ साली कोल इंडियाने गेल व बीईएमएलसोबत करार केला: ओडिशातल्या महानदी कोलफील्ड्सचे शंभर टनी दोन डंपर डिझेलच्या जोडीने द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालवून पाहायचे. त्याच वर्षी ११ जुलैला नागपुरात या वायूचं केंद्र सुरू झालं. उणे १६२ अंशांना द्रव झालेला वायू सुमारे सहाशेपट कमी जागा घेतो, म्हणून टँकरमधून इथवर येतो. धूर कमी होईल. पण हा वायूही बहुतांश आयातीचाच. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या नागपुरात परावलंबनाचा प्रश्न मात्र उरतोच.