रंगस्वामी नरसिंहन आणि ‘टिफ्रॅक’

प्रस्तावना : भारतात घडविलेला पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत साकारला. तो घडविणाऱ्या गटाचे नेतृत्व रंगस्वामी नरसिंहन (१९२६–२००७) यांनी केले. या कार्याचे मोल यंत्राच्या क्षमतेवरून ठरवावे की त्यातून घडलेल्या माणसांवरून, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राची उभारणी : अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून गणिताची डॉक्टरेट मिळवून नरसिंहन १९५४ मध्ये संस्थेत रुजू झाले. प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये, तर सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. तोवर परदेशात ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक प्रचारात आले होते. १९६४ मध्ये संस्थेतही ‘सीडीसी ३६००’ हा अमेरिकी संगणक आला.

निष्कर्ष : यंत्र लवकरच कालबाह्य झाले, परंतु ते घडविताना कमावलेली विद्या कालबाह्य झाली नाही. मंडलांची आखणी, स्मृतीची जुळणी, आज्ञावलीचे लेखन हे सारे येथील तरुणांनी स्वतः करून आत्मसात केले. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल ‘सीएमसी’ या सरकारी कंपनीने सांभाळली. तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहनच होते. विकत घेतलेले यंत्र उत्तरे देते. स्वतः घडविलेले यंत्र जाणकार घडविते, हाच ‘टिफ्रॅक’चा खरा वारसा होय.