रविवार कारंज्यात कसा आला

आमच्या कारंज्यापुढे कंसात घाडगे लिहावं लागतं, नाही तर पत्र वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला फिरून येतं. उभी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे काढली, म्हणून हे आधी सांगितलं. सहा दिवस शिक्के मारायचे आणि रविवारी तिकिटांचा अल्बम घेऊन ओसरीत बसायचं, हा माझा छंद. बायको म्हणायची, “आठवडाभर तिकिटं विकून पोट नाही भरलं का?” नाही भरलं. अजूनही भरत नाही.

त्या अल्बममध्ये 3 मे 2005 रोजी निघालेलं एक तिकीट आहे. त्यावर नारायण मेघाजी लोखंडे आहेत. रविवारी उशिरापर्यंत लोळणाऱ्या माझ्या नातवंडांना हे नाव ठाऊक नव्हतं. त्यांच्या मास्तरांनाही नसावं.

लोखंडे 1848 साली ठाण्यात जन्मले. रेल्वेत आणि आमच्याच टपाल खात्यात नोकरी करून मग ते मुंबईच्या मांडवीतल्या एका गिरणीत लागले. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये पुण्यात काढलेला ‘दीनबंधु’ त्यांनी 1880 मध्ये मुंबईत आणून चालवला. तेव्हाच्या गिरणीत उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम. सुट्टी सणावाराला, तीही मालकाच्या मर्जीने, आणि पुष्कळदा यंत्रं पुसायला त्या दिवशीही हजर राहायचं. 1884 मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार पंधरा तारखेच्या आत, अपघात झाला तर भरपाई. मागण्या एवढ्याच. आज वाचताना वाटतं, माणसाने किती थोडं मागावं! रविवार हा खंडोबाचा वार, कुळाचार करायला तो मोकळा हवा, हेही कारण त्यांनी पुढे केलं असं सांगतात. मला ते फार आवडतं. साहेब देवळात जातो म्हणून आम्हालाही सुट्टी द्या, असं म्हणण्यापेक्षा आमच्याही देवाचा वार तोच आहे असं म्हणण्यात इभ्रत आहे.

24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायाही बोलल्या. 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि 1891 च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याची सुट्टी देशभरच्या कारखान्यांना लागू झाली. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती, तेव्हा हा रविवार आमच्या उंबऱ्यापर्यंत आला म्हणायला हरकत नाही. 1897 मध्ये प्लेगने लोखंडे गेले.

उंबऱ्यापर्यंत आला खरा, पण आत यायला त्याला फार वर्षं लागली. कारंजा, आर्वी, आष्टी हा पट्टा वावराचा, संत्र्याच्या बागांचा आणि गवळाऊ गाईंचा. गाय रविवार मानत नाही, कापसाचं बोंडही मानत नाही. गावाचा आठवडा आठवडी बाजारावरून मोजला जायचा. ठरलेली सुट्टी होती ती बैलांना, पोळ्याची, वर्षातून एकदा. बायांना तीही नव्हती. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सर्वांत नामवंत रहिवाशाचा विसाव्याचा वार तर वेगळाच होता: सेवाग्रामला गांधीजी सोमवारी मौन पाळत. गावात रविवार पहिल्यांदा कळला तो शाळेमुळे, कचेरीमुळे आणि, थोडा मान आम्हालाही द्या, पोस्टामुळे.

रविवार नव्हता तेव्हाही विरंगुळा होताच. गाणंबजावणं म्हणाल तर ते आमच्याकडे अमरावतीच्या रस्त्याने आलं. याच रस्त्यावर पुढे मोझरीला तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या हातातली खंजिरी गावोगाव पोचली. पेटी नको, तबला नको. खंजिरी आणि टाळ्या पुरे. 1942 च्या ‘चले जाव’ चळवळीत आष्टी आणि चिमूर पेटलं तेव्हा इंग्रज सरकारने या खंजिरीवाल्यालाच तुरुंगात टाकलं. त्या भजनात काय ताकद होती ते सरकारला नीट समजलं होतं. माझे वडील भजनी मंडळात बसायचे. वार कोणताही असो, बैठक रात्री, वावरातली कामं उरकल्यावर.

घरच्या सगळ्या माणसांचा मिळून असा रविवार खरा भरला तो दूरदर्शनमुळे. 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ आणि मग ‘महाभारत’. ज्याच्याकडे संच त्याच्या अंगणात आळी बसलेली. लाईट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी सोडून आणायची. वावरातला माणूस रविवारी तासभर का होईना ठरवून बसला, तो तेव्हा पहिल्यांदा.

फुटबॉलही त्याच पडद्यातून आला, ‘रामायण’च्या थोडा आधीच. 29 जून 1986 चा विश्वचषक अंतिम सामनाही रविवारचाच. आपल्याकडे रात्री साडेअकरा वाजले होते. मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला 3-2 हरवलं. दुसऱ्या दिवसापासून पोट्टे चिंध्यांचा चेंडू लाथाडू लागले. नागपूरजवळच्या कामठीत मात्र हा खेळ जुना. तिथे 1821 पासून छावणी, गोऱ्या शिपायांनी आणलेला फुटबॉल मोहल्ल्यात रुजला आणि रब्बानी क्लबचं नाव झालं. नागपुरात 2001 मध्ये हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि त्यांच्यासाठी स्पर्धा सुरू केल्या. ‘झुंड’ सिनेमा त्यावरचाच. माझा नातू रविवारी सकाळी खेळायला जातो, दुपारी चिखल घेऊन घरात येतो आणि आजीची बोलणी खातो. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. राज्य सरकारी कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून शनिवारही मिळाला. 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यात कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे, पण वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला त्यातली बहुतेक कलमं लागू नाहीत. आणि आमच्या बाजारात दहा माणसांचंही दुकान शोधूनही सापडायचं नाही. चहाच्या टपरीवरचा, किराण्याच्या काट्यावरचा, संत्र्याच्या पेट्या ठोकणारा पोऱ्या लोखंड्यांच्या मागणीच्या आधीच्या काळातच जगतो आहे. तुमच्या दुकानात असा कोणी असेल तर त्याला आठवड्यातून एक दिवस सोडा, तोही पगार न कापता. रविवारच हवा असं नाही. गांधीजींचा सोमवारही चालेल.