वऱ्हाडांतील इंधनाचा इतिहास

एखाद्या मुलखाचा इतिहास राजघराण्यांच्या वंशावळीवरून सांगण्याची रीत आहे. परंतु तेथील माणसें काय जाळीत आलीं, यावरूनही तो सांगतां येतो. बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हें गांव आहे. त्या परिसरांत शतकानुशतकें चुलींत जळे ती पऱ्हाटी, तुराटी, बाभळीचें सरपण आणि गोवरी. नांगर बैल ओढी आणि मोटही तोच ओढी. या साऱ्या शक्तीचें मूळ चालू काळांतील ऊन व पाऊस हेंच होतें. पिकांचा काडीकचरा जाळून जो कर्बवायु हवेंत जाई, तो पुढील पिकें बव्हंशीं पुन्हां शोषून घेत.

हा हिशेब १८५३ नंतर बदलूं लागला. त्या वर्षीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली, आणि त्याच वर्षीं वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या कारभाराखालीं आलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसास मोठें महत्त्व आलें. १८७० सालीं खामगांवपर्यंत रेल्वेचा फांटा पोहोंचला. इंजिनांसाठीं कोळसा हवा म्हणून वरोऱ्यास सरकारी खाण निघाली; ती १९०६ सालीं बंद पडली, पण त्या खोऱ्यांतील खाणकाम थांबलें नाहीं. हा कोळसा म्हणजे सुमारें २५ कोटी वर्षांपूर्वींच्या अरण्यांचा सांठा होय. तो जाळल्यानें निघणारा वायु शोषून घेण्यास कोणतेंही पीक पुरेसें नाहीं.

दुसरबीडच्या पठारावर त्या काळीं रूळ आले नाहींत. तेथील कापूस बैलगाडींतूनच आगगाडीपर्यंत जाई. अर्थात् वाफेनें बैलास निवृत्त केलें नाहीं. उलट त्याचें काम वाढविलें. हीच गोष्ट पुढेंही घडली. खोपोलीस १९१५ सालीं टाटांनीं सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज काढली, १९६२ सालीं कोयनेची वीज आली, तरी कोळसा मागें सरला नाहीं. चंद्रपूरचें केंद्र २,९२० मेगावॅटपर्यंत वाढलें. अकोल्याजवळ पारस येथें २५० मेगावॅटचे दोन नवे संच २००८ व २०१० सालीं सुरू झाले. विहिरीवरील मोट मात्र गेली आणि तिच्या जागीं विजेचा पंप आला.

कोळशाच्या ज्वलनानें पृथ्वी तापेल, हें गणित स्वीडनच्या आर्‍हेनियस यांनीं १८९६ सालींच मांडलें होतें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायु सुमारें २८० भाग होता. १९५८ सालीं हवाई बेटावर मापन सुरू झालें तेव्हां तो ३१५ भरला; आतां तो ४२० च्या वर गेला आहे. जगाच्या एकूण शक्तीपैकीं सुमारें चार पंचमांश आजही कोळसा, तेल व वायु यांतूनच येते.

याची झळ कोणास लागते? भारताचा दरडोई कर्बवायु जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. परंतु मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळांत सुमारें तिप्पट झाल्याचें संशोधकांस आढळलें. पावसावर विसंबलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यास एका दिवसांत कोसळणारा पाऊस उपयोगी पडत नाहीं. तो माती घेऊन जातो. ज्याच्या वाट्यास कोळशाचा लाभ सर्वांत कमी व सर्वांत उशिरां आला, त्याच्याच शेतांत त्याची किंमत वसूल होत आहे.

महाराष्ट्रांत २०१७ पासून शेतीस सूर्याची वीज देण्याची योजना चालू आहे. शेताचें काम पुन्हां चालू काळांतील उन्हावर चालणें ही इष्टच गोष्ट होय. तथापि इतिहासाचा इशारा विसरतां येत नाहीं. आजवर प्रत्येक नवी शक्ति जुन्या शक्तीच्या जोडीस आली. क्वचितच तिच्या जागीं आली. म्हणून किती ठिकाणीं सौरपंप बसले, एवढ्यावरून यशाचें माप घेणें पुरेसें नाहीं. किती कोळसा जमिनींतच राहूं दिला, हेंही त्याबरोबर मोजावें लागेल.